रंगाची काटामारी



'काटा मारणे' हा शब्दप्रयोग शहरातल्या काही वाचकांना समजावून सांगावा लागेल, शेतकऱ्याला नाही. ऊस असो, कापूस असो, नाहीतर घरची रद्दी असो, वजन करताना माल कमी भरवायचा, याला काटा मारणं म्हणतात. रोग फार जुना आहे, म्हणून त्यावरचे कायदेही जुनेच. १९५६ साली मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला आणि आमच्या लहानपणीच शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. पुढे १९७६ चा कायदा आला. आता २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आहे, तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. या सगळ्यांचं सार शाळकरी पोरालाही कळेल असं आहे : ज्या मापावर दुसऱ्याचे पैसे ठरतात, ते माप तपासलेलं हवं आणि त्यावर शिक्का हवा. वजन कमी वाटलं तर गिऱ्हाईक म्हणू शकतं, "शिक्का दाखवा."

आज मला एका नव्या काट्याबद्दल लिहायचंय. हा काटा वजन करत नाही, रंग मोजतो. मोबाईलनं मालाचा फोटो काढायचा, त्यातल्या एका भागाभोवती बोटानं चौकट आखायची, आणि संगणकानं त्या चौकटीतला रंग आकड्यात सांगायचा. त्या आकड्यावर प्रत ठरते आणि प्रतीवर भाव. या काट्यावर शिक्का नाही, त्याची तपासणी नाही, आणि तो चुकला तर दाद मागायची कुठे हेही कोणाला ठाऊक नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो आणि मग त्याची कारणं देतो. फोटोवरून रंग मोजता येतो, उत्तम मोजता येतो. पण ज्या फोटोत रंगाचं प्रमाण ठेवलेलं नाही आणि ज्यातली चौकट कोणी, कुठे, का आखली हे दाखवलेलं नाही, त्या फोटोवरून निघालेला आकडा हे मापन नव्हे. तो नुसता आकडा आहे. आणि अशा आकड्यावर कोणाचा भाव पाडणं ही काटामारीच आहे, मग करणाऱ्याच्या मनात पाप असो वा नसो.

हे मी का लिहायला घेतलं ते सांगायला हवं. माझा एक जुना विद्यार्थी टोमॅटो करतो. एका खरेदीदाराच्या माणसानं त्याच्या क्रेटांचा फोटो निळ्या ताडपत्रीच्या छपराखाली काढला, दोन-तीन फळांवर चौकटी टाकल्या, आणि 'रंग बसत नाही' म्हणून सगळा माल खालच्या प्रतीत टाकला. हा म्हणाला, बाहेर उन्हात घेऊन बघा की. तो म्हणाला, "दादा, मी काय करू, मोबाईलच सांगतोय." संध्याकाळी माझ्याकडे येऊन हा म्हणाला, "सर, व्यापाऱ्याशी आयुष्यभर भांडलो. आता मशीनशी कसं भांडायचं?"

हा प्रश्न मला झोंबला. व्यापारी जेव्हा नजरेनं सांगायचा, 'माल हलका आहे,' तेव्हा ती त्याची नजर आहे हे दोघांनाही माहीत असायचं. त्यावर वाद घालता यायचा, दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाता यायचं. आता तीच मर्जी आकड्याचा सदरा घालून आली, की समोरच्याची वाचाच बसते. 'अमुक म्हणतो' याला उत्तर देता येतं, 'आकडा म्हणतो' याला देता येत नाही, असं आपल्या मनावर ठसलंय. ते तसं ठसवण्यात आम्हा मास्तरलोकांचाही वाटा आहे, पण असो.

आता मुळातून बघू. मी विज्ञानाचा शिक्षक नव्हे; मराठी आणि इतिहास शिकवला. पण इथं लागणारं गणित सातवीच्या वर्गातलं आहे, आणि ज्या अवजारानं हे मोजतात ते कोणालाही फुकट मिळतं. इमेजजे नावाचं सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेत वेन रासबँड यांनी १९९७ साली ते सुरू केलं. त्याआधी १९८७ पासून त्यांचंच 'एनआयएच इमेज' हे मॅकिंटॉश संगणकांसाठीचं सॉफ्टवेअर होतं. जगभरच्या प्रयोगशाळांत ते वापरतात. फोटो उघडायचा, चौकोन, वर्तुळ, बहुभुज किंवा हातानं आखलेली रेघ यांपैकी काहीही वापरून हवा तो भाग निवडायचा, आणि 'मेजर' म्हणायचं. क्षेत्रफळ, सरासरी, कमाल-किमान असं सगळं तक्त्यात येतं. नातवानं ते मला माझ्या संगणकावर घालून दिलं आणि मी घरचे टोमॅटो, हळद, कढीपत्ता, भिंतीचा रंग, जे सापडेल ते मोजलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला याहून स्वस्त करमणूक नाही!

आणि या करमणुकीत पहिल्याच दिवशी एक गंमत दिसली. रंगीत फोटोवर थेट 'मेजर' म्हटलं की 'सरासरी' म्हणून एकच आकडा येतो. तो लाल रंगाचा आकडा असेल असं वाटतं. तो तसा नसतो. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येक ० ते २५५. सॉफ्टवेअर या तिन्हींची सरासरी काढतं (साधी किंवा, तसं सांगितलं तर, भारित) आणि तुमच्या हाती जे येतं ते रंगाचं नव्हे, उजेडाचं माप असतं. उदाहरण घ्या. पिकलेल्या फळाचा ठिपका लाल २००, हिरवा ४०, निळा ६०. बेरीज ३००, सरासरी १००. कच्च्या फळाचा ठिपका लाल ४०, हिरवा २००, निळा ६०. बेरीज ३००, सरासरी १००. लाल टोमॅटो आणि हिरवा टोमॅटो, दोघांचा आकडा शंभर! यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, तिन्ही रंग वेगळे करून मोजायची सोय त्यात आहे. पण ज्याला हे ठाऊक नाही त्यानं काढलेला आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत छापून आला तरी त्याचा अर्थ शून्य.

रंग एका आकड्यात मावत नाही, ही गोष्ट नवीनही नाही. अल्बर्ट मुनसेल नावाचे अमेरिकेतले एक चित्रकलेचे शिक्षक होते. (शिक्षक होते, हे मी मुद्दाम सांगतोय.) त्यांनी १९०५ साली पुस्तक लिहून सांगितलं की रंग नेमका सांगायचा तर तीन गोष्टी सांगाव्या लागतात : तो कोणता रंग, तो किती उजळ, आणि तो किती भरीव की फिका. त्यांच्या पद्धतीच्या रंगपट्ट्यांची पुस्तकं माती तपासणारे लोक आजही शेतात नेतात. पुढे १९३१ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेनं माणसाच्या डोळ्याच्या मोजमापावरून रंगाची प्रमाण पद्धत ठरवली, आणि १९७६ साली 'लॅब' नावाची मोजपट्टी आणली. तिथेही आकडे तीनच : एक उजळपणाचा, एक हिरव्यापासून लालपर्यंत, एक निळ्यापासून पिवळ्यापर्यंत. टोमॅटोवर काम करणारे संशोधक यातला हिरव्या-लालचा आकडा बघतात, आणि बरेचदा त्याचं पिवळ्या-निळ्याशी गुणोत्तर काढतात. म्हणजे काम नीट करायची पद्धत जगात आहे आणि ती गुप्तही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार आहे.

आता कॅमेऱ्याकडे या. लोकांना वाटतं, कॅमेरा म्हणजे डोळा, आणि तोही निःपक्षपाती. वाचकहो, कॅमेरा जितका अंदाज करतो तितका कोर्टातला साक्षीदारही करत नसेल! कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी शोधलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या जाळीवर आजचे बहुतेक कॅमेरे चालतात. त्या जाळीत प्रत्येक ठिपका एकच रंग टिपतो : निम्मे ठिपके हिरवा, पाव लाल, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेबानं भरले जातात.

त्यानंतर येतो पांढऱ्याचा अंदाज. उन्हाचा उजेड वेगळा, ट्यूबलाइटचा वेगळा, ढगाळ दुपारचा वेगळा. आपला मेंदू हे फरक आपोआप वळते करतो, म्हणून पांढरं धोतर सकाळी आणि कंदिलाजवळही पांढरंच वाटतं. कॅमेऱ्याला ते गणित करावं लागतं आणि पुढ्यात जे दिसतं त्यावरून 'पांढरं कोणतं असेल' हे ठरवावं लागतं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. कॅमेऱ्याला दर फोटोत निराळी कावीळ होते आणि तो ती आपल्या परीनं बरी करतो. निळ्या ताडपत्रीखाली, लाल किंवा हिरव्या प्लॅस्टिकच्या क्रेटात, शेजारच्याच्या रंगीत शर्टाचा उजेड फळावर पडत असताना काढलेल्या फोटोत फळाचा स्वतःचा रंग किती आणि आजूबाजूचा उसना किती? मी एकच टोमॅटो अंगणातल्या सावलीत, घरात ट्यूबखाली आणि निळ्या प्लॅस्टिकच्या कागदाखाली ठेवून मोजला. आकडे तीन निराळे. टोमॅटो तोच, पिकलाही तेवढाच.

शिवाय आजकालचे मोबाईल फोटो 'छान' दिसावा म्हणून स्वतःच त्यात ढवळाढवळ करतात. आकाश निळं करतात, पानं हिरवी करतात, चेहरे उजळ करतात. लग्नाच्या अल्बमला ते ठीक. पण तराजूच्या दांडीला लग्नाचा शृंगार कशाला? पुढे तो फोटो जेपेगमध्ये साठताना फाईल लहान व्हावी म्हणून सहसा रंगाचाच तपशील आधी कमी केला जातो, कारण माणसाच्या डोळ्याला ते फारसं जाणवत नाही. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की आणखी दाबला जातो. आणि मग त्यावर कोणीतरी चौकट आखतो आणि '७१.३८४' असं सांगतो!

आणखी एक गोष्ट, जी शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात सर्रास चुकीची सांगितली जाते. फोटोतला आकडा दुप्पट म्हणजे रंग दुप्पट, असं मुलं लिहितात आणि परीक्षक मान डोलावतात. तसं नसतं. संगणकावरच्या चित्रांसाठी १९९६ पासून एसआरजीबी ही पद्धत रूढ होत गेली. तीत आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा, पण त्यामागचा प्रकाश निम्मा नसून सुमारे २२ टक्के असतो. डोळ्याला बरं दिसावं म्हणून ही सोय आहे. प्रकाशाचा हिशेब करायचा असेल तर आकडे आधी उलटे फिरवून घ्यावे लागतात. हे न करता 'दुप्पट लाल' म्हणणं म्हणजे एक इंच आणि एक सेंटिमीटर यांची बेरीज दोन सांगणं.

इथवर झालं ते फोटोचं. आता चौकटीकडे येतो, कारण माझ्या मते खरी काटामारी तिथेच होते.

कोणत्या फळावर चौकट? वीस किलोच्या क्रेटात वरच्या थरातलं, की मधलं? फळाच्या देठाकडचा भाग, की बुडाचा? टोमॅटो सहसा बुडाकडून रंग धरतो, देठाचा खांदा उशिरा. म्हणजे चौकट चार बोटं वर सरकवली की माल कच्चा, खाली सरकवली की पक्का. फळावर उजेडाचा पांढरा ठिपका चमकतो, तो चौकटीत आला की आकडा आणखी बदलतो. जो चौकट आखतो तो निकाल ठरवतो. 'मोबाईलच सांगतोय' हे म्हणूनच खोटं आहे. मोबाईल सांगतो तो तू बोट ठेवलंस तिथला रंग, बाबा! बोट तुझं आहे.

आणि सरासरी काढणं तरी बरोबर आहे का? मघाचेच आकडे घ्या. अर्धं फळ लाल (२००, ४०, ६०) आणि अर्धं हिरवं (४०, २००, ६०). सरासरी (१२०, १२०, ६०), म्हणजे मळकट पिवळट रंग. पण त्या टोमॅटोवर मळकट पिवळट असा एक ठिपकाही नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं ताज्या टोमॅटोच्या पिकण्याच्या ज्या सहा पायऱ्या ठरवल्यात त्या म्हणूनच सरासरी रंगावर नाहीत, तर किती पृष्ठभाग रंगला यावर आहेत. हिरवा ही पहिली पायरी. रंग फुटायला लागला, पण १० टक्क्यांहून जास्त नाही, ही दुसरी. १० ते ३० टक्के तिसरी, ३० ते ६० चौथी, ६० ते ९० पाचवी, ९० च्या वर लाल. इमेजजेमध्ये लाल ठिपके मोजून ही टक्केवारी काढता येते, आणि माझ्या मते तीच शहाणपणाची रीत आहे. पण त्यासाठी सगळं फळ बघावं लागतं, तेही फिरवून. चौकटीचं काम पटकन होतं.

त्यातही लाल म्हणजे चांगला आणि कमी लाल म्हणजे हलका, हे कोणी ठरवलं? लांबच्या बाजारात जाणारा टोमॅटो शेतकरी मुद्दाम रंग फुटताना तोडतो, म्हणजे गाडीत पिकत जातो आणि पोचेपर्यंत नासत नाही. उन्हाळ्यात पारा ३०-३२ अंशांच्या वर राहिला की फळात लाल द्रव्य, लायकोपीन, नीट तयारच होत नाही. पिवळं मात्र होत राहतं, म्हणून पिकलेलं फळही नारिंगी दिसतं. यात शेतकऱ्याचा काय अपराध? आकड्याला ऋतू कळत नाही, ज्यानं आकडा वापरायचा त्याला तो कळायला हवा.

कोणी म्हणेल, हा म्हातारा यंत्राच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही. उलट मला असं एक रंग मोजायचं साधन माहीत आहे की ज्यात बॅटरीसुद्धा नाही, आणि ते या मोबाईलवाल्यांपेक्षा जास्त शास्त्रीय आहे. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं प्रसार केलेला 'लीफ कलर चार्ट'. भंडारा-गोंदियाकडच्या किंवा कोकणातल्या वाचकांनी तो कदाचित पाहिला असेल. पिवळसर हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत रंगाचे पट्टे असलेली प्लॅस्टिकची पट्टी. भाताचं पान तिच्यावर धरायचं आणि नत्राची गरज आहे का ते ठरवायचं. गंमत पट्टीत नाही, तिच्या नियमांत आहे. पान कोणतं? वरचं, पूर्ण उघडलेलं, निरोगी. किती? निदान दहा, शेतात इकडेतिकडे फिरून. पानाचा कुठला भाग? मधला. पान तोडायचं नाही. आपल्या अंगाची सावली पाडून बघायचं, म्हणजे ऊन फसवणार नाही. दर वेळी दिवसाच्या साधारण त्याच वेळी आणि शक्यतो त्याच माणसानं बघायचं. दहापैकी सहा किंवा जास्त पानं ठरलेल्या पट्ट्यापेक्षा फिकी असली तर खत, नाहीतर नाही.

बघा, यात काय काय आहे! प्रमाण समोर आहे, उजेडाचा बंदोबस्त आहे, जागा ठरलेली आहे, नमुना किती घ्यायचा ते ठरलेलं आहे, आणि निर्णयाची रेघ आधीच आखलेली आहे. शिवाय शेतकरी स्वतः ते करतो, त्यामुळे कोणी त्याला फसवू शकत नाही. याला मापन म्हणतात. कॅमेऱ्याला हेच सगळं पाळून मोजायला काहीच अडचण नाही. अडचण एवढीच की मग घाईनं आणि आपल्या सोयीनं मोजता येत नाही.

विरुद्ध बाजूचं म्हणणंही ऐकून घेतलं पाहिजे. पहिलं : "माणसाची नजर तरी कुठे निर्दोष असते?" कबूल. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे पुरुष काही थोडेथोडके नसतात, आणि नजरेला लोभही असतो. २०१५ साली एका पोशाखाचा फोटो जगभर फिरला. तो निळा-काळा की पांढरा-सोनेरी यावर घराघरांत भांडणं झाली. पोशाख निळा-काळाच होता. पण त्या गोष्टीचा धडा काय? उजेड कोणता हे न कळता फोटोवरून रंग ठरवायला गेलं की शहाणी माणसंही फसतात. म्हणजे ते उदाहरण माझ्याच बाजूनं बोलतं.

दुसरं : "आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, ती उजेडाचं वगैरे सगळं सांभाळून घेते." घेतही असेल. मग तपासणीला घाबरायचं कारण काय? ठाऊक रंगाचे पट्टे त्याच ताडपत्रीखाली तिच्यासमोर धरा आणि विचारा, हा किती, तो किती. बरोबर सांगितलं तर नमस्कार. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आला म्हणून सरकारनं शिक्का मारणं बंद केलं नाही. उलट, आतलं यंत्र दिसेनासं झालं की शिक्क्याची गरज वाढते.

तिसरं : "एवढं काटेकोर परवडत नाही." हे मला सगळ्यांत जास्त खटकतं. करड्या रंगाचं एक कार्ड फोटोच्या कोपऱ्यात ठेवायला किती खर्च येतो? २४ रंगांचे प्रमाणित तक्ते १९७६ पासून मिळतात, ते महाग वाटत असतील तर साधं करडं कार्ड घ्या. (पांढरा कागद शक्यतो नको; त्यात उजळपणासाठी घातलेली द्रव्यं असतात, उन्हात तो निळसर झाक मारतो, आणि कॅमेऱ्यात चटकन २५५ ला टेकतो. टेकला की पुढचा हिशेब संपला.) ते करडं कार्ड फोटोत करडं आलं नाही, तर उजेड किती फसवतोय ते लगेच कळतं आणि दुरुस्त करता येतं. शेतकऱ्याच्या हंगामाचा भाव ठरवायला कंपनीला एक कार्ड परवडत नाही, हे मी मानायला तयार नाही.

आणि प्रश्न टोमॅटोपुरता नाही. डाळिंबाचा लाल, हळदीचा पिवळा, मातीचा काळा, लघवीतली साखर दाखवणाऱ्या पट्टीचा रंग, हे सगळं फोटोवरून मोजू असं म्हणणारे वाढत जाणार. भावात काटा मारला तर पैसे जातात. तपासणीच्या पट्टीत काटा बसला तर पुढे काय होईल, ते मी सांगायला नको.

तेव्हा माझी मागणी अगदी साधी आहे. फोटोवरून रंग मोजून जो कोणी दुसऱ्याचा भाव, गुण किंवा निदान ठरवेल, त्यानं पाच गोष्टी समोरच्याला दाखवल्या पाहिजेत. मूळ फोटो, न दाबलेला. फोटोत प्रमाणाचं कार्ड. चौकट कुठे आखली ते फोटोवरच, आणि ती जागा कोणत्या नियमानं निवडली. किती नमुने घेतले. आणि आकडा कशाचा आहे : लाल रंगाचा, उजेडाचा, की रंगलेल्या पृष्ठभागाच्या टक्केवारीचा. यातली एकही गोष्ट लपवली तर समोरच्यानं म्हणावं, "हे माप मला मान्य नाही." आणि वजनकाट्यांना शिक्का मारणाऱ्या सरकारी खात्यानं या नव्या काट्याकडेही बघायला सुरुवात करावी. कायद्याच्या शब्दांत तो बसतो की नाही हे वकील ठरवतील. कायद्याच्या हेतूत तो बसतो, एवढं इतिहासाच्या मास्तरालाही कळतं.

शिक्षक मित्रांना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनात कोणी मूल फोटोवरून रंग मोजून तक्ता घेऊन आलं, तर तीन दशांश स्थळं बघून शाबासकी देऊ नका. विचारा : बाळ, उजेड कोणता होता? चौकट कुठे आखलीस? तिथेच का? आणि दोन बोटं बाजूला आखली असतीस तर काय आलं असतं? मुलानं तिथल्या तिथे दोन बोटं बाजूला आखून दाखवली आणि आकडा का बदलला ते सांगितलं, तर पहिला नंबर त्याला द्या.

आणि शेतकरी वाचकांना (किंवा ज्यांची मुलं हे वाचून घरी सांगतील त्यांना) एवढंच : पुढच्या वेळी कोणी मोबाईल पुढे करून म्हणाला, 'आकडा कमी आलाय', तर वाद घालू नका, चिडू नका. शांतपणे म्हणा, "चौकट दाखवा. आता माल सावलीत, उघड्यावर घेऊया, शेजारी हे करडं कार्ड ठेवूया, आणि मी सांगतो त्या दहा फळांवर आखा." नाही म्हणाला, तर तिथे असलेल्या इतर चार जणांनाही तेच म्हणायला सांगा. एकट्याच्या बोलण्याला कोणी दाद देणार नाही, पाच जणांनी एकच प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं.